उजव्या सोंडेचं पोस्टर

आमच्या लंडनजवळच्या स्लाऊच्या घरात रविवार उजाडायचा तो काकांच्या थर्मासच्या झाकणाने. ते झाकण फिरवताना किर्रर्र असा आवाज यायचा, मग काकूचा आवाज, "अहो, आज तरी घरी बसा," मग काकांच्या बुटांची टकटक, आणि त्या सगळ्यावरून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा वास. म्हणजे काकू 'घरी बसा, घरी बसा' म्हणत डब्यात पुऱ्याच भरत असायची. मी पंधरा वर्षांची असताना मिरजेहून या घरात आले. काकूला हाताशी कुणी हवं होतं, आणि माझ्या वडिलांना वाटत होतं की विलायतेत राहून पोरीला इंग्रजी येईल. इंग्रजी मला आलं, पण ते कुठून आलं हे वडिलांना मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. थोडं शाळेतून आलं, आणि बाकी सगळं काकांच्या पोस्टरांवरून. त्या पोस्टरांवरची अक्षरं अशी असायची, की कढईत जिलबी सोडावी आणि तिने तुपात आळोखेपिळोखे द्यावेत. ज्याला ती वाचता आली त्याला जगातलं काहीही वाचता येतं. डॉक्टरांचं अक्षरसुद्धा.

काका स्वतः डॉक्टर होते. भूल द्यायचे. स्वभावाने इतके शांत की काकू म्हणायची, ह्यांना औषध लागतच नसेल, नुसतं समोर बसून बोलत असतील, पेशंट झोपतो. तर या माणसाला नाद कसला, तर साठच्या दशकातल्या लांब केसांच्या, मण्यांच्या माळा घातलेल्या गोऱ्या पोरांच्या जलशांचा. जलशांचा म्हणजे जलशांच्या कागदांचा. पोस्टरं, तिकिटं, बिल्ले, हातात वाटायची रंगीत पत्रकं, एक घुंगरू लावलेला बूट, तोही फक्त डाव्या पायाचा. त्या पोरांची गाणी मात्र घरात कधी लागली नाहीत. मी एकदा विचारलं, "काका, ह्यांची रेकॉर्ड आणायची का?" तर म्हणाले, "नको गं शकू, फार गोंगाट करतात." घरात लागायची ती नाट्यगीतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं जायचो ते कार बूटला. गावाबाहेर एखाद्या शेतात लोक ओळीने गाड्या लावत, डिक्की उघडत आणि घरातली अडगळ मांडून विकायला बसत. काकू त्याला डिक्कीबाजार म्हणायची. गवत दवाने ओलं, माझ्या पायात काकूच्या जुन्या सपाता, आणि काका सूट, टाय, वर रेनकोट. सगळ्या शेतात टाय घातलेला माणूस एकच. त्यांची एक पद्धत होती. ज्या पोस्टरवर डोळा, त्याचं नावही काढायचं नाही. त्याच्या शेजारी ठेवलेल्या वस्तूचं कौतुक करायचं, ती घ्यायची, आणि जाता जाता सहज, "हा कागद पण टाका हो गुंडाळायला." पद्धत नामी होती, पण शेजारी ठेवलेली वस्तू बहुतेक वेळा टोस्टर असायची. आमच्या घरात टोस्टर इतके झाले की काकूने दोन माळ्यावर टाकले, तीन इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना वाटले, आणि एकात ती सुया-दोरे ठेवायची.

पोस्टर ओळखायला काकांनी मला शिकवलं. खरं जुनं पोस्टर भिंतीवर लागलेलं असतं, म्हणून कोपऱ्यात पिनांची भोकं बघायची. नाक लावायचं. जुन्या कागदाला कपाटातल्या डांबरगोळीसारखा आणि थोडा उदबत्तीसारखा वास येतो, नव्याला नुसता शाईचा. मी नाक लावून वास घेताना बघून बायका आपापली मुलं जवळ ओढून घ्यायच्या. घरी आल्यावर काका हॉस्पिटलचे रबरी हातमोजे चढवून पोस्टर गुंडाळायचे आणि लांब पुठ्ठ्याच्या नळकांडीत घालून वरच्या छोट्या खोलीत ठेवायचे. त्या खोलीचे नियम कडक. ऊन नको, ओल नको, हात नको. "माणसांना कापायला देतात आणि कागदांना हात लावू देत नाहीत," काकू म्हणायची.

डिक्कीबाजारात काकांना एकच प्रतिस्पर्धी होता, तो म्हणजे आमचा दूधवाला ट्रेव्हर. ट्रेव्हर म्हणजे डोक्यावर पूर्ण टक्कल आणि मागे शेंडीसारखी लांब वेणी. तरुणपणी तो त्याच जलशांतून नाचलेला होता. आता पहाटे विजेवर चालणारी दूधगाडी घेऊन यायचा आणि आमच्या दारात बाटल्या ठेवायचा. श्रीखंडाच्या आठवड्यात काकू इतकं दूध घ्यायची की त्याला वाटायचं आम्ही अंघोळ करतो. काका आणि तो दोघेही एकमेकांना अतिशय सभ्यपणे पाण्यात पाहायचे.

आता ते तिकीट. हे काकांनी मला एकदा गाडीत सांगितलं, पावसात, पुरी खाता खाता, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "काकूला बोलू नकोस, उगीच हसेल." काका नवे नवे लंडनला आले तेव्हा हॉस्पिटलच्या खोलीत एकटे राहायचे. ड्युटी, झोप, ड्युटी. बाहेर सगळं शहर रंगीत कपडे घालून हिंडतंय आणि हे खिडकीतून बघतायत. एकदा धीर करून त्यांनी एका जलशाचं तिकीट काढलं. बँडचं नाव 'मिसेस पिकल्स एअरशिप'. नवा शर्ट घेतला, त्याच्यावर फुलं होती. आणि निघायच्या वेळी निरोप आला की दुसरा डॉक्टर आजारी पडलाय, तुम्ही उभे राहा. काका फुलांच्या शर्टावर पांढरा कोट घालून रात्रभर उभे राहिले. सकाळी जलशाहून नर्सेस आल्या त्या अजून नाचतच होत्या. "असा जलसा पुन्हा व्हायचा नाही डॉक्टर," म्हणाल्या. आणि झालाच नाही, बँड फुटला. ते न फाडलेलं तिकीट काकांच्या पाकिटात होतं. काकूच्या फोटोच्या मागे. एवढी वर्षं ते शेतं तुडवत होते ते या एका जलशाच्या पोस्टरसाठी. बाकीचं सगळं वाटेत गोळा झालं होतं, टोस्टरांसकट.

आणि ते पोस्टर एका रविवारी सापडलं. एका आजीबाईंनी हरणाचं मोठं चित्र विकायला ठेवलं होतं. डोंगर, धुकं, आणि मधे एक शिंगवालं हरीण आपल्यावर कसले उपकार केल्यासारखं बघतंय. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा सुटला होता आणि फटीतून बोटभर जांभळा रंग दिसत होता. काका हरणाचं एवढं कौतुक करायला लागले की आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रेव्हर शेजारीच होता, तो हसून म्हणाला (मी मराठीत सांगते), "काय डॉक्टर, म्हातारे झालात, हरणं घ्यायला लागलात!" घरी येऊन मागचा पुठ्ठा काढला तर आत अख्खं पोस्टर, कोरं करकरीत. काका खाली जमिनीवरच बसले. मी म्हटलं, "काका, थर्मासमधला चहा देऊ?" तर मान हलवून हो म्हणाले, आणि ओतलेला चहा तसाच गार झाला.

पोस्टर होतं गणपतीचं. त्या काळात गोऱ्या लोकांना आपल्या देवांचं फार होतं, कळो न कळो. हा गणपती जांभळा, मोराच्या पिसाऱ्यासारख्या ज्वाळांत बसवलेला, दोन हातांत गिटार, तिसऱ्या हातात कमळ आणि चौथ्या हातात चिलीम. डोळ्यांत बुब्बुळांच्या जागी भोवरे. आजूबाजूने जिलबीची अक्षरं. काकूने चष्मा लावून नीट पाहिलं. "चला, आजपर्यंत आणलेल्यांत एवढाच बरा आहे," म्हणाली. "मांडीवर ते सतारीसारखं कशाला दिलंय पण? उंदीर कुठाय?" आणि मग चिलमीकडे बोट दाखवून, "हे काय?" काका म्हणाले, "शंख." ट्रेव्हरला जेव्हा कळलं की हरणाच्या मागे काय होतं, तेव्हा तीन दिवस आमच्या दारात दूध उशिरा आलं.

त्याच वर्षीच्या गणेश चतुर्थीची ही गोष्ट. आमचा गणपती दीड दिवसाचा. मूर्ती दरवर्षी कुणीतरी पुण्याहून येणारं मांडीवर घेऊन विमानातून आणायचं. त्या वर्षी आणणाऱ्या बाईंनी ती मांडीवर न घेता वरच्या कप्प्यात ठेवली, आणि चतुर्थीच्या सकाळी खोकं उघडलं तर सोंड वेगळी, बाप्पा वेगळे. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही. काका पहाटेच हॉस्पिटलला गेलेले, दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये. किचनमध्ये मोदकांची उकड निवत चाललेली. दर्शनाला पंचवीस माणसं येणार, आणि पूजा सांगायला लेले गुरुजी दारात हजर. लेले राहायचे हाउन्सलोला, एअरपोर्टवर सामानाच्या खात्यात कामाला. पूजा सांगायचे म्हणून गुरुजी, आणि कायम शिफ्टला जायचं असायचं म्हणून घाईत. "वहिनी, सुपारी मांडा," ते म्हणाले, "शास्त्राला चालते." काकू म्हणाली, "पंचवीस माणसं एजवेअरहून ट्रेन बदलत येणार आणि मी त्यांना सुपारी दाखवू?" गुरुजी म्हणाले, "तसबीर आहे का?" देवघरातली तसबीर काडेपेटीएवढी. काकूची नजर जिन्यावरून वर गेली. "शकू," ती म्हणाली, "तो हरणाच्या मागचा घेऊन ये."

मी म्हटलं, "काकू, काका..." तर म्हणाली, "काका देवाला नाही म्हणणार आहेत का?" मी हातमोजे घालून ते पोस्टर खाली आणलं. काकूने हातमोजे न घालता मखरात लावलं, चारी कोपऱ्यांना ड्रॉइंग पिना टोचून. पिनेचा टच् असा आवाज झाला की माझ्या काळजात टच् व्हायचं. काकांची दहा वर्षांची मुलगी अंजू, तिचा जन्म इथलाच, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं, ती टाळ्या पिटत म्हणाली, "मम्मी, बाप्पा किती कूल दिसते!" चिलमीवर काकूने दूर्वांची जुडी टेकवली. दूर्वा म्हणजे लॉनमधलंच गवत, तीन पात्यांचं शोधून काढलेलं. लाल फूल शेजारच्या अंगणातलं डेलियाचं. गुरुजींनी घड्याळ पाहत पूजा सुरू केली, प्राणप्रतिष्ठा केली, कपाळाला ओलं कुंकू लावलं, आणि लावता लावता एकदम थबकले. "वहिनी, हा उजव्या सोंडेचा आहे."

वाचणाऱ्यांत लहान कुणी असेल तर सांगते. आपल्याकडे घरोघरी असतो तो डाव्या सोंडेचा गणपती. मवाळ असतो, चुकलंमाकलं सांभाळून घेतो. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सोवळं कडक, नैवेद्य वेळच्या वेळी, आणि विसर्जनात तर कसूर अजिबात चालायची नाही. चित्रकाराने कुठल्यातरी लंडनच्या माडीवर बसून आपली गंमत म्हणून सोंड वळवली असेल उजवीकडे, पण काकूचा चेहरा पांढराफटक पडला. "आता हो?" "आता काय, प्राण घातलेत," लेले पिशवी आवरत म्हणाले, "नीट करा सगळं," आणि शिफ्टला पळाले.

संध्याकाळी काका घरी आले तेव्हा बैठकीच्या खोलीत पंचवीस माणसं आणि आरती ऐन रंगात. काका दारात उभे, हातात ब्रीफकेस. समोर मखरात त्यांचं पोस्टर, चारी कोपऱ्यांना पिना, कपाळावर कुंकवाचा ओघळ अगदी गिटारीपर्यंत आलेला, आणि बाजूला समईच्या पाच ज्योती. काका माणसांना झोपवायचे ना, त्या दिवशी मी त्यांना उभ्याउभ्या झोपताना पाहिलं. एक मंडळाच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर, काय सुंदर चित्र! कुठून मिळालं हो?"

"हरणाच्या मागून," काका म्हणाले.

मग किचनमध्ये कुजबुजत भांडण. मी मोदक वाढायच्या निमित्ताने तिथेच.

"काढ ते आधी."

"काय काढू? देवाच्या कपाळाचं कुंकू?"

"अगं, तो देव नाही, ती जाहिरात आहे!"

"सकाळी होती जाहिरात. आता लेल्यांनी प्राण घातलेत."

"लेले एअरपोर्टवर बॅगा उतरवतो!"

"म्हणून काय झालं? तुम्ही देता ती भूल खरी, आणि त्यांनी घातले ते प्राण खोटे? उद्या विसर्जन आहे, आणि ते उजव्या सोंडेचं आहे, मला एक शब्द ऐकायचा नाही."

विसर्जन हा शब्द ऐकल्यावर काकांनी ओट्याला हात टेकला. काकूचा तर जीव खरंच मुठीत होता. मूर्ती भंगली हाच एक अपशकुन, त्यावर हा कडक देव, आणि घरात लेक आणि दुसऱ्याची पोर म्हणजे मी. तिच्या भीतीला मी आज हसत नाही. काकांच्या दुःखाला तेव्हाही हसले नव्हते. पण त्या दोघांच्या मधे तो बाप्पा गिटार घेऊन भोवऱ्यांच्या डोळ्यांनी बघत बसला होता, त्याला कोण काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंघोळ करून खाली आले आणि म्हणाले, "मी म्हणतो, यंदा पाच दिवस ठेवू या." ज्या माणसाला ओढून आरतीला आणायला लागायचं तो पाच दिवस म्हणतोय! पाचव्या दिवशी काका म्हणाले, "गौरींबरोबर जाऊ दे." गौरी गेल्या तेव्हा म्हणाले, "अनंत चतुर्दशीपर्यंत राहिला तर बिघडलं कुठे?" मंडळात बातमी पसरली की डॉक्टरांना दृष्टांत झालाय. उजव्या सोंडेचं सोवळं म्हणून काकूने त्यांना गुलाबी रेशमी कद नेसायला लावला. हॉस्पिटलचा बीपर त्यांनी कमरेला कदावरच अडकवलेला, तो मधेच बीप बीप करायचा आणि लोक हात जोडायचे. आरतीला ते हातात पाण्याने निथळता टॉवेल घेऊन मखराला चिकटून उभे राहायचे. कापराची ज्योत वर गेली की टॉवेलही वर. लोकांना वाटलं हाही सोवळ्याचाच काही प्रकार असेल. पुढच्या रविवारी दोन घरचे पुरुष आपापले ओले टॉवेल घेऊन आले.

त्यात ट्रेव्हर. त्याने दूध ठेवताना खिडकीतून मखर पाहिलं आणि त्याच्या हातून बाटली फुटली. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी आरतीला. मांडी घालून पुढे बसायचा, टाळ्या चुकीच्या ठेक्यावर वाजवायचा, आणि त्याच्या टाळ्यांमुळे आमची सगळी आरती हळूहळू वाकडी होऊन त्याच्या तालात जायची. काकू खूश. "बघा, त्याला आहे भक्ती!" त्याला भक्ती होती ती पोस्टरची, हे मला आणि काकांनाच ठाऊक. पण आठव्या-नवव्या दिवशी मी पाहिलं, तो डोळे मिटून टाळ्या वाजवत होता. मोदक मात्र त्याने रोज डोळे उघडे ठेवून मोजून घेतले.

काकांनी एक युक्ती काढून पाहिली. लेले आले तेव्हा हळूच म्हणाले, "गुरुजी, हॉस्पिटलला मोठं झेरॉक्स मशीन आहे. कॉपी काढून तिचं विसर्जन केलं तर?" लेले गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, झेरॉक्समध्ये प्राण येत नाहीत."

अनंत चतुर्दशीच्या सकाळी काकू वाटली डाळ करत होती. मी खोबरं खवत होते. डोळ्यांसमोर काका दिसत होते, वरच्या खोलीत रिकामी नळकांडी मांडीवर घेऊन बसलेले. मला राहवलं नाही आणि मी तिला तिकिटाची गोष्ट सांगितली. फुलांचा शर्ट, पांढरा कोट, सगळं. काकू हसेल असं काका म्हणाले होते. काकू हसली नाही. कालथा तसाच हातात धरून म्हणाली, "माझ्या फोटोच्या मागे?" "हो." "म्हणजे लग्नाच्या आधीपासूनचं!" आणि थोड्या वेळाने, "फुलांचा शर्ट कसा दिसत असेल गं ह्यांना?" डाळ खाली लागली, जन्मात पहिल्यांदा. मग ती वर गेली. मी जिन्यात.

"अहो," ती म्हणाली, "राहू दे विसर्जन. मी लेल्यांना विचारते, काही प्रायश्चित्त असेल तर मी उपास धरीन."

मग काका म्हणाले, "नको. तू वर्षभर झोपायची नाहीस. अंजूला साधी सर्दी झाली तरी म्हणशील सोंड. करू या विसर्जन."

"आणि तुमचं?"

"मला काय, तसंही त्या पोरांचं गाणं कुठे आवडतं मला."

हे वाक्य मला आजही आठवतं आणि आजही नाक पुसावं लागतं. असो.

मिरवणूक निघाली ती ट्रेव्हरच्या दूधगाडीवरून. त्यानेच सुचवलं. मिरवणुकीला यापेक्षा चांगली गाडी नाही, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते आणि आवाज काढत नाही, आवाज आम्ही काढला. रिकाम्या क्रेटांवर पाट, पाटावर बाप्पा, बाजूला गुलाबी कदात काका, मागे झांजा. थेम्सच्या काठी आलो तेव्हा कुत्री फिरवायला आलेले लोक थांबून बघायला लागले. एकाने आदराने टोपी काढली. काठावर शेवटची आरती झाली. यजमान म्हणून काका कद खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. थंडीने त्यांचे दात वाजत होते. त्यांनी पोस्टर दोन्ही हातांनी पाण्यावर टेकवलं, एकदा बुडवलं, दुसऱ्यांदा बुडवलं, तिसऱ्यांदा बुडवून सोडलं आणि डोळे मिटून घेतले. आम्ही सगळे ओरडलो, "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!" ट्रेव्हर सगळ्यांत मोठ्याने. तो रडत होता.

आता मातीची मूर्ती बुडते. हे होतं जाड कागदावर तेलाच्या शाईने छापलेलं. बाप्पा खाली गेले, जरा थांबले, आणि वर आले. चेहरा आकाशाकडे, गिटार छातीशी, आणि निघाले प्रवाहाबरोबर, हंसांच्या मधून, अगदी निवांत. काका काठाने त्यांच्याबरोबर चालायला लागले, काकांच्या मागे काकू, मागे सगळं मंडळ, झांजांसकट. आणि समोरून एक लांबलचक होडी आली. जवळच्या कुठल्यातरी शाळेची आठ मुलं वल्ही मारतायत आणि मागे एक चिमुरडा बसून त्यांना ताल द्यायला ओरडतोय. त्या चिमुरड्याने हात वर केला. आठही वल्ही थांबली. त्याने वाकून बाप्पांना पाण्यातून उचललं, झटकलं, होडी काठाला लावली आणि अत्यंत अदबीने, गुलाबी रेशमी वस्त्रातल्या आमच्या काकांना म्हणाला, "एक्सक्यूज मी सर, हे तुमचं पडलं वाटतं."

काठावर झांजा थांबल्या. पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं होतं, बाप्पा पाच मिनिटांत आले होते.

"मम्मी," अंजू हळूच म्हणाली, "बाप्पा परत आली."

काका पोस्टर धरून उभे. त्यांच्या कदातून पाणी गळतंय, पोस्टरातून पाणी गळतंय. त्यांनी काकूकडे पाहिलं. "आता?" एवढंच म्हणाले. त्या 'आता'मध्ये फुलांचा शर्ट होता.

सगळे लेल्यांकडे बघायला लागले. लेले खिरापत खात होते. "तसं म्हणाल तर," ते तोंडातलं संपवत म्हणाले, "निघताना घरी उत्तरपूजा केली ना, तेव्हाच प्राण गेले. नंतर उरतो तो कागद. ठेवला तरी चालतो."

"मग हे आधी का नाही बोललात?" काका ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

"मला कुणी विचारलंच नाही."

काकूने मात्र लेल्यांचं ऐकलंही नव्हतं. ती बाप्पांकडे बघत होती. कुंकू धुऊन गेलं होतं, दूर्वा गेल्या होत्या आणि चिलीम उघडी पडली होती. "शास्त्र राहू द्या," ती म्हणाली. "ते स्वतः होडी करून परत आलेत. दारातल्या पाहुण्याला कुणी जा म्हणतं का? घ्या पाटावर. मी घरी जाऊन भात टाकते."

दूधगाडी उलटी फिरली. घरी पोचल्यावर काकूने बाप्पा येताना करतात ते सगळं पुन्हा केलं. सगळ्यांना बाहेर थांबवलं, पाट धरलेल्या काकांच्या पायांवर दूध-पाणी घातलं (दूध ट्रेव्हरचं), भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. काका उंबऱ्याशी आले आणि थांबले. पाट ट्रेव्हरच्या हातात दिला. मग थंडी म्हणून कदावर चढवलेल्या रेनकोटाच्या खिशातून पाकीट काढलं, त्यातून काकूचा फोटो वर सरकवला, आणि मागचं तिकीट काढून माझ्यापुढे धरलं. न वापरलेलं, घडी नसलेलं, सगळ्या इंग्लंडात तसं दुसरं नसेल. ट्रेव्हर "नो, नो, नो, डॉक्टर!" करायला लागला.

"फाड," काका मला म्हणाले.

काकूने मागून मान डोलावली. मी तिकिटाचे दोन तुकडे केले, जलशाच्या दारावरचे लोक करतात तसे, अर्धा त्यांना दिला आणि अर्धा मी ठेवला. तो अर्धा माझ्याकडे अजून आहे. पोस्टरसुद्धा माझ्याच भिंतीवर आहे, पापडासारखं उठलेलं, चार भोकांचं, कपाळावर फिकट गुलाबी डाग असलेलं, आणि उन्हात. चतुर्थीला ते मखरात जातं, मूर्तीच्या मागे.

"कुठे बसू?" काकांनी विचारलं. ओले होते, कुडकुडत होते, आणि खरंच विचारत होते.

"सतरंजीवर, पुढेच जागा आहे," मी म्हटलं. "जा लवकर, सुरू होतंय."